कौलांवरची तबकडी आणि सूनबाईंची नोकरी

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. दापोली तालुक्यातील एका वाडीत रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास एक दृश्य दिसू लागले. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात छत्री आणि डोक्याला ओढणी गुंडाळलेली पस्तिशीतली एक बाई पाखाडी चढून सड्यावर जायची. तिथे करवंदीच्या जाळीजवळ खुर्ची मांडायची, छत्रीची दांडी दगडांच्या सांदीत रोवायची आणि कानाला यंत्र लावून तासन्‌तास बोलत बसायची. गुरे घेऊन येणाऱ्यांना आधी वाटले, मोजणीसाठी कोणी सरकारी बाई आली असेल. मग कळले की ही गुरुजींची पुण्याची सून आहे आणि ती सड्यावर बसून नोकरी करते आहे.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. डिसेंबरमध्ये त्यांच्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. चिपळूणच्या रुग्णालयातून तीन आठवड्यांनी घरी आणले तेव्हा प्रश्न उभा राहिला, यांचे करणार कोण? पुण्यातले मुलाचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा चाकणच्या कारखान्यात यंत्रावर काम करणारा. सुनेचे काम मात्र मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून घरूनच चालत होते. रुग्णालयांकडून विम्यासाठी येणारे दावे तपासायचे आणि शंका असेल तिथे फोन करून खुलासा मागायचा, असे ते काम. तेव्हा सूनच चौथीतल्या मुलीला घेऊन गावी जाईल, असे ठरले. अशा वेळी मुलाने नोकरी सोडावी हे आपल्याकडे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. इथे निदान कारण तरी खरे होते. त्याचे काम यंत्रावरचे, तिचे तारेवरचे.

वाडीत मात्र तारच नव्हती.

कार्यालयाने सवलत दिली ती एका अटीवर. कुठेही राहा, पण सकाळी दहा ते संध्याकाळी सात संपर्क तुटता कामा नये. वारंवार तुटला तर दोनदा लेखी समज मिळेल आणि तिसऱ्यांदा पुण्याच्या कार्यालयात रोज हजर व्हावे लागेल. घराच्या कर्जाचा हप्ता तिच्याच पगारातून जात होता. म्हणजे नेट चालणे हा करमणुकीचा प्रश्न नव्हता. सासूबाईंजवळ कोणी राहायचे की नाही, हे त्यावर ठरणार होते.

घर खोलात, टॉवर डोंगराआड

कोकणातली जुनी घरे पाण्याच्या सोयीने बांधलेली असतात. डोंगराच्या कुशीत, वहाळाजवळ, माडापोफळींच्या आगराला लागून. वाऱ्यापावसापासून बचाव होतो, विहिरीला पाणी राहते. पण ज्या सुखासाठी पूर्वजांनी खोलगट जागा निवडली, तेच आज आड येते. मोबाइलचा टॉवर डोंगराच्या पलीकडे. सड्यावर उभे राहिले की चांगली रेंज, आणि शंभर पायऱ्या उतरून घरात आले की काही नाही. पडवीतल्या एका खांबाला फोन टेकवून ठेवला तर दिवसातून दोनचार संदेश तेवढे यायचे.

दूरध्वनीची तांब्याची तार पूर्वी होती. पावसाळ्यात ती मुकी असायची आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात खांबांसकट आडवी झाली ती पुन्हा उभी राहिलीच नाही. काचेच्या तंतूची नवी तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आली होती, पण तिथून वाडी तीन किलोमीटर. एका घरासाठी एवढी तार ओढून द्यायला कोणी तयार नव्हते.

शेवटी तालुक्याच्या गावातला एक केबलवाला मदतीला आला. टीव्हीच्या केबलचा धंदा उतरणीला लागल्यावर त्याने ‘हवेतले नेट’ द्यायला सुरुवात केली होती. त्याच्या दुकानापर्यंत तारेने आलेले इंटरनेट तो एका टेकडीवरच्या मनोऱ्यावरून आसपासच्या गावांकडे रेडिओलहरींनी सोडत असे. ज्याला हवे त्याने घरावर थाळीएवढी तबकडी बसवायची आणि तिचे तोंड मनोऱ्याकडे करायचे.

तो आला तो दुर्बीण घेऊनच. घरात पाऊलही न ठेवता आधी परसात फिरला, मग विहिरीच्या कठड्यावर चढला.

“गुरुजी, इथून टेकडी दिसत नाही. दिसल्याशिवाय काम होणार नाही.”

“अरे, रेडिओ ऐकायला आकाशवाणीचा मनोरा कुठे दिसावा लागतो?” अण्णांनी विचारले. ते चाळीस वर्षे विज्ञान शिकवत होते.

“त्या लहरी लांब असतात, गुरुजी. डोंगराला वळसा घालून येतात. ह्या आखूड. सरळ जातात आणि आडवे काही आले की थांबतात.”

उत्तर बरोबर होते. आकाशवाणीच्या मध्यमलहरींची लांबी शेकडो मीटर असते, तर या तबकडीच्या लहरींची जेमतेम पाच सेंटिमीटर. त्या सुमारे ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. या पट्ट्याचा बराचसा भाग भारतात २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. म्हणूनच एखादा केबलवालाही वारेमाप शुल्क न भरता हा व्यवसाय करू शकतो. अर्थात परवाना कोणालाच लागत नाही म्हटल्यावर शेजारच्या गावातला दुसरा केबलवालाही त्याच पट्ट्यात घुसतो आणि दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळून गोंधळ होतो, हा त्याचा तोटा.

बिनतारी लहरींनी दूरचे गाव जोडण्याची कल्पना काही नवी नाही. तामिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्ररुग्णालयाने दोन दशकांपूर्वी अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांच्या मदतीने खेड्यातली तपासणी केंद्रे अशाच दुव्यांनी जोडली. रुग्ण आपल्या गावच्या केंद्रात बसतो आणि डॉक्टर रुग्णालयातून त्याच्याशी पडद्यावर बोलतात. घरात वापरतात तशाच वायफायच्या यंत्रांना तबकड्या जोडून हे साधले. २००७ मध्ये व्हेनेझुएलात तर दोन पर्वतशिखरांदरम्यान अशा यंत्रांनी ३८२ किलोमीटरचा पल्ला गाठला होता. मध्ये अडथळा नसला तर या लहरी एवढ्या दूर जातात. अडथळा आला की काय होते, ते पुढे येईलच.

विहिरीजवळ वीस फुटी लोखंडी नळ उभा केला तेव्हा त्याच्या टोकावरून टेकडी दिसली. समोरच्या फणसाच्या शेंड्यावरून, अगदी घासून. पण नळ उघड्यावर, आणि वाऱ्याने डुलणारा. म्हणून तो घराच्या मागच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडला आणि चार कौले काढून त्याला वर वाट करून दिली. बसवण्याचे साडेचार हजार, महिन्याचे सातशे रुपये आणि वेग ‘३० एमबीपीएसपर्यंत’.

घरात आणखी एक अडचण निघाली. जांभ्या चिऱ्याच्या दीड फूट जाडीच्या भिंतींपुढे वायफायचे काही चालेना. ओटीवरच्या पेटीची रेंज माजघरात पोचत नव्हती. सूनबाईंनी सरळ लांब तार आणून पेटी सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या खाटेसमोरच्या फळीवर बसवली आणि लॅपटॉपही तारेनेच जोडला. एका डोळ्याने काम, एका डोळ्याने आजारी माणूस. पेटीवरचा दिवा नेट चालू असले की हिरवा आणि गेले की लाल होत असे.

‘पर्यंत’ या शब्दाचा अर्थ

फेब्रुवारी ते एप्रिल कसे गेले ते कळले नाही. काम सुरळीत चालले. मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून वाचोपचार करणाऱ्या बाई पडद्यावर येऊन सासूबाईंकडून ‘आ’, ‘ओ’, ‘मा’ म्हणवून घेऊ लागल्या. गावात हे उपचार मिळाले नसते आणि दर आठवड्याला चिपळूणला नेणे शक्यच नव्हते. मुलगा रात्री पुण्याहून आईशी बोले. आई बोलत नसे, पण बघत असे.

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आले आणि नेट संध्याकाळी रांगू लागले. दिवसा पंचवीसचा वेग दाखवणारी चाचणी रात्री आठला दोनतीनवर यायची. सूनबाईंनी केबलवाल्याला फोन केला.

“वहिनी, मी ‘पर्यंत’ म्हणालो होतो ना!”

जाहिरातीतल्या या ‘पर्यंत’ शब्दात सगळी मेख असते. तारेवरचे असो वा हवेतले, इंटरनेट हे सार्वजनिक नळासारखे आहे. हवेतल्या नेटमध्ये एका मनोऱ्याच्या एका बाजूला जेवढी घरे, तेवढ्यांत ती धार वाटली जाते. सगळ्यांनी एकदम तोट्या उघडल्या की प्रत्येकाच्या बादलीत करंगळीएवढी धार पडते. कंपन्या ग्राहक घेताना धरून चालतात की सगळे एकाच वेळी नळ सोडणार नाहीत. किती ग्राहकांमागे किती धार ठेवायची, हे ज्याच्या त्याच्या सचोटीवर असते. ग्राहकाला तो हिशेब कोणी दाखवत नाही, आणि बहुतेक ग्राहक विचारतही नाहीत.

त्यातच आकड्यांचा घोळ. ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३० मेगाबाइट असे पुष्कळांना वाटते. ते असतात मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला पावणेचार मेगाबाइट. तरीही घरच्या कामाला ते भरपूर होते. बोलण्याच्या फोनला एक मेगाबिटचा दहावा भागही पुरतो, पडद्यावरच्या सभेला दोनतीन मेगाबिट. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ च्या जानेवारीत, म्हणजे सूनबाई खुर्ची घेऊन सडा चढत होत्या त्याच महिन्यात, २ मेगाबिट. तेव्हा रात्रीची रांगणारी धारही कागदोपत्री ब्रॉडबँडच होती!

पण सूनबाईंच्या लवकरच लक्षात आले की आपले दुखणे वेगाचे नाहीच. त्यांना हवे होते सातत्य. सिनेमा बघणाऱ्याचे नेट दहा सेकंद गेले तर त्याला कळतही नाही, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. बोलणाऱ्याचे दोन सेकंद गेले तरी पलीकडचा माणूस “हॅलो, हॅलो” करत फोन ठेवून देतो. जाहिरातीत वेगाचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. दिवसातून किती वेळा खंड पडतो, हा आकडा कोणीच छापत नाही.

गुरुजींची वही

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जूनच्या अखेरीस तो लागून राहिला आणि नेटने दगा द्यायला सुरुवात केली. कधी पाच मिनिटे, कधी दोन तास. केबलवाल्याचे उत्तर ठरलेले, “पावसामुळे आहे, वहिनी. पाऊस थांबला की येईल.” जुलैच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयाची पहिली लेखी समज आली.

अण्णांनी ती वाचली. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेची एक कोरी हजेरीवही काढली आणि रकाने आखले. नेट गेल्याची वेळ, आल्याची वेळ, पाऊस आहे की नाही, वारा कसा, घरात वीज आहे की नाही. शेवटचा रकाना होता टेकडीखालच्या वाडीतल्या विजेचा. तिथे त्यांचा एक जुना विद्यार्थी दुकान चालवतो, त्याला ते फोन करून विचारत. सुरुवातीला सूनबाईंना हे म्हातारपणचे खूळ वाटले.

“अण्णा, वही लिहून नेट येणार आहे का?”

“नेट येणार नाही गं. पण कुठे जाते ते तरी कळेल.”

तीन आठवड्यांनी वहीने जे सांगितले ते कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. मुसळधार पाऊस कोसळत असताना नेट पुष्कळदा छान चालू होते. निम्म्याहून अधिक वेळा ते गेले होते ते टेकडीखालची वीज गेल्यावर, आणि तेही लगेच नव्हे, साधारण चाळीस मिनिटांनी. उरलेल्यांपैकी बहुतेक खंड छोटे होते, काही सेकंदांचे, आणि ते पाऊस नुकताच पडून गेल्यावर वारा सुटला की होत.

“पावसाला उगाच बदनाम केले आपण,” अण्णा म्हणाले.

त्यात तथ्य होते. पावसाचे थेंब लहरी शोषतात हे खरे, पण त्याचा जोर साधारण १० गिगाहर्ट्‌झच्या वर जाणवू लागतो. घरावरच्या टीव्हीची छत्री पावसात चित्र घालवते, कारण तिच्या लहरी १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या असतात आणि त्या उपग्रहापासून ढगांतून खाली येतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना चार किलोमीटरच्या वाटेत पाऊस फारसा रोखू शकत नाही. टीव्ही जातो म्हणून नेटही पावसानेच जात असणार, असा सगळ्यांचा समज झाला होता आणि केबलवाल्यालाही तो सोयीचा होता.

वही घेऊन अण्णा एसटीने तालुक्याला गेले आणि केबलवाल्याच्या दुकानात बसले. पहिल्या रकान्यावर त्याने मान खाली घातली. मनोऱ्यावर एकच जुनी बॅटरी होती. वीज गेली की ती चाळीस मिनिटे तग धरी. नवी घ्यायला पैसे नव्हते. ग्राहक कमी, त्यातले निम्मे चाकरमान्यांची घरे, मे आणि गणपतीपुरते पैसे भरणारी. त्याची बाजूही खोटी नव्हती. शेवटी त्या बाजूच्या आठ कायमच्या ग्राहकांनी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ द्यायचे आणि त्याने दोन बॅटऱ्या व सौरपट्टी बसवायची, असे ठरले. आठ जणांना तयार करायला अण्णांना महिना लागला. एकाने तर विचारले, “गुरुजी, तुमचे त्याच्यात किती टक्के?”

फणसाचा गुन्हा

दुसऱ्या रकान्याचे कोडे अधिक नाजूक निघाले. पाऊस पडून गेल्यावर वाऱ्याने नेट का तुटावे? केबलवाल्याने येऊन वर चढून पाहिले आणि समोर बोट दाखवले. फेब्रुवारीत ज्या फणसाच्या शेंड्यावरून टेकडी दिसत होती, त्याला चार महिन्यांत नवी पालवी फुटून तो तबकडीच्या वाटेत आला होता. पाने म्हणजे पाण्याच्या पिशव्याच, त्यात पावसाने निथळणारी आणि वाऱ्याने हलणारी. लहर एकदा मिळते, एकदा तुटते.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. टेकडी नुसती डोळ्यांना दिसली म्हणजे झाले, असे नाही. लहरींची वाट दोऱ्यासारखी बारीक नसते. ती काकडीसारखी मध्ये फुगीर असते. चार किलोमीटरच्या वाटेत मधोमध तिची त्रिज्या सुमारे सात मीटर भरते, टोकाजवळ दीडदोन मीटर. या काकडीचा बराचसा भाग मोकळा हवा. शेंड्याला घासून जाणारी वाट पहिल्या दिवसापासूनच अपुरी होती. बसवणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही कोण जाणे. ठाऊक असले तरी साडेचार हजार समोर असताना परत कोण जातो?

लांब लहरी झाडांना एवढ्या बधत नाहीत. मुंबईच्या आयआयटीने गेल्या दशकात पालघर भागातील सात खेड्यांत जो प्रयोग केला, त्यात दूरदर्शनसाठी राखलेल्या पट्ट्यातील न वापरलेल्या, अर्ध्या गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी याच कारणाने वापरल्या होत्या. झाडीतून त्या अधिक सहज पार होतात. पण हा पट्टा परवानामुक्त नाही. त्यामुळे केबलवाल्यापुढे दोनच मार्ग होते. नळ आणखी वीस फूट वाढवायचा, किंवा फणस छाटायचा.

फणस होता अण्णांच्या चुलतभावाच्या हद्दीत. आणि चुलतभावाशी बांधावरून अकरा वर्षे बोलणे बंद! कोकणात भावकीचा बांध म्हणजे काय, हे सांगायला नको. कोर्टात तारखा पडत होत्या. अण्णा म्हणाले, “नळ वाढवू.” चाळीस फुटी नळाला वाऱ्यात तोलून धरायला तारांचे ताण लागतात, आणि त्यांतला एक ताण पुन्हा त्याच हद्दीत बांधावा लागणार होता.

शेवटी सूनबाई गेल्या. बांध ओलांडून, पाठीमागच्या दाराने, काकूंकडे. सासूबाई आजारी पडल्यापासून काकू मागच्या मागे पेज आणि कुळथाचे पिठले पाठवत होत्याच. पुरुषांचे बोलणे बंद असले तरी परसातली वाट बंद झालेली नव्हती. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “त्या नेटवर जहाजावरचा माणूस दिसतो काय?” त्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला. बंदराला लागला की फोन करायचा, पण काकांना सड्यावर चढवत नव्हते. दोन वर्षे त्यांनी मुलाचे तोंड पाहिले नव्हते.

“दिसेल, काका. दर रविवारी आमच्याकडे या.”

“तुमच्याकडे मी येणार नाही,” काका म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “शेंडा छाटा. पण झाडावरचे फणस उतरल्याशिवाय कोयती लावायची नाही.”

काकांनी पुढे केबलवाल्याकडून स्वतःची तबकडी घेतली. आठाचे नऊ ग्राहक झाले. बांधाचा खटला मात्र अजून चालू आहे.

दुसरी समज

हे सगळे जुळून येईपर्यंत जुलै संपत आला होता, आणि तोवर घडायचे ते घडले. एका दुपारी आगरात वीज कोसळली. नळाला जमिनीत उतरवणारी जाड तार लावायची राहून गेली होती. तबकडी आणि तिला घरातून वीज पुरवणारा अडॅप्टर, दोन्ही जळाले. नवे येईपर्यंत चार दिवस. सूनबाई पावसातून स्कूटरने बारा किलोमीटर दापोलीला जाऊन एका नातेवाइकाच्या औषध दुकानाच्या मागल्या खोलीत बसल्या. घरी अण्णा एकटे. बायकोला उठवून बसवताना त्यांच्या पाठीत उसण भरली. आणि चौथ्या दिवशी कार्यालयाची दुसरी समज आली.

तिसरीची वाट न पाहता सूनबाईंनी स्वतःच अर्ज केला. फोनवर बोलण्याचे काम सोडून नुसती कागदपत्रे तपासण्याचे काम मागितले. त्यात संपर्क पाच मिनिटे तुटला तरी बिघडत नाही, राहिलेले नंतर पाठवता येते. ते मिळाले, पण भत्ता गेला. महिन्याला साडेतीन हजार कमी. पुण्याच्या घराचा हप्ता आता दोघांच्या पगारातून जोडून भरला जातो. नेटचे सातशे रुपये असतात, असे कोणी म्हटले की त्या हसतात. त्यांच्या हिशेबी ते बेचाळीसशे आहेत.

ज्यांना असेच घर सोडून गावी जाऊन काम करायचे आहे, त्यांनी त्यांच्याकडून एवढे तरी घ्यावे. पैसे भरण्यापूर्वी बसवणाऱ्याला छपरावर चढवावे आणि मनोरा व वाटेतली झाडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. मनोऱ्यावर वीज गेली तर किती वेळ चालेल, हे विचारावे. तबकडीचा नळ जमिनीशी जोडून घ्यावा. आणि एखादा जुना ग्राहक गाठून त्याला मे महिन्यातल्या रात्रीबद्दल आणि जुलैतल्या दुपारीबद्दल विचारावे. फेब्रुवारीत सगळ्यांचेच नेट चांगले असते.

खोके आले आणि परत गेले

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह जी सुरू झाले आणि पुढच्या वर्षापासून मोठ्या कंपन्या त्याच लहरींवर घरगुती इंटरनेटही देऊ लागल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात एका कंपनीचा विक्रेता मोटारसायकलवरून वाडीत आला. त्याने पिनकोड विचारला, मोबाइलमध्ये पाहिले आणि सांगितले की तुमचा भाग यादीत आहे. मुलाने पुण्याहून आगाऊ पैसे भरले. चार दिवसांनी दोन तरुण खोके घेऊन आले, घराच्या चारी बाजूंनी फिरले, नळावर चढले आणि “इथे सिग्नलच नाही” म्हणून खोके घेऊन परत गेले. पिनकोड डाकघराचा असतो. त्यात सडाही येतो आणि खोलातले घरही.

पैसे परत मिळवायला दोन महिने लागले. दर फोनला नवीन माणूस आणि तेच उत्तर. शेवटी अण्णांनी दुसरी वही काढली. प्रत्येक फोनचा तक्रार क्रमांक, तारीख, बोलणाऱ्याने दिलेले आश्वासन. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्रात दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्यासाठी शुल्क नसते. हे पुष्कळ ग्राहकांना माहीतच नसते, आणि कंपन्या ते आपणहून सांगत नाहीत. तक्रार क्रमांकांची यादी जोडून अपील पाठवल्यावर बाराव्या दिवशी पैसे खात्यात आले.

केबलवाल्याची तबकडी मात्र राहिली. बॅटऱ्या आल्यापासून दोन तासांचे खंड बंद झाले. फणस दर वर्षी मेअखेरीला छाटला जातो. सासूबाई काठी धरून ओटीपर्यंत येतात. वाचोपचाराच्या बाई आता महिन्यातून एकदाच पडद्यावर दिसतात. मुलीने पाचवीसाठी पुण्याला परत जायचे नाकारले, आणि त्यावर घरात अजून दोन मते आहेत.

२०२५ मध्ये पावसाने फसवले. तो मे महिन्यातच येऊन थडकला. झाडावर फणस होते, शेंडा छाटायचा राहिला होता. त्या दुपारी पाऊस पडून गेला, वारा सुटला. सूनबाई मान खाली घालून कुठल्याशा रुग्णालयाचे बिल तपासत होत्या, अण्णा खुर्चीत डुलकी घेत होते. खाटेवरून आवाज आला, स्पष्ट, जरा जोरात,

“गेलं!”

दोघांनी दचकून पाहिले. सासूबाई डाव्या हाताचे बोट फळीवरच्या पेटीकडे करून बसल्या होत्या. दिवा लाल होता. अडीच वर्षे समोर बसून त्यांनी दुसरे काय पाहिले होते? अण्णांनी खिशातून चष्मा काढला, वही ओढली आणि घड्याळात पाहून वेळ लिहिली. तीन वाजून सतरा मिनिटे.

“आता आलं की सांग,” ते बायकोला म्हणाले.